देवाचे भय आणि देवाची दया

देवाचे भय म्हणजे देवाच्या पावित्र्यापुढे आणि सामर्थ्यापुढे माणसाच्या मनात दाटून येणारा आदरयुक्त दरारा. देवाची दया म्हणजे त्याच देवाने पापी, दुबळ्या आणि दुःखी माणसाला दिलेली क्षमा व आधार. ख्रिस्ती धर्मात या दोन गोष्टी एकाच अनुभवाचे भाग मानल्या जातात. दया मिळाली की भय सरायला हवे, असे कोणालाही वाटेल. ख्रिस्ती परंपरेची साक्ष मात्र उलट आहे. बायबलातील १३०व्या स्तोत्राचा कर्ता देवाला सांगतो, की तुझ्यापाशी क्षमा आहे आणि म्हणूनच तुझे भय धरले जाते. शिक्षेचे भय लहान मुलालाही कळते. क्षमा मिळाली म्हणून भय वाटणे, हे समजायला जरा थांबावे लागते.

शब्द

बायबलच्या पहिल्या भागाची, म्हणजे जुन्या कराराची, भाषा हिब्रू. तिच्यातील 'यिरा' या शब्दात भीती आणि भक्ती दोन्ही सामावतात. मराठी बायबलात त्यासाठी 'भय' हा शब्द रूढ झाला. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो कठोर वाटतो. पण पूज्य माणूस समोर आला की आपला आवाज आपोआप खाली येतो आणि हात जोडले जातात, तिथे आपण जे अनुभवतो त्याच्या हा शब्द अधिक जवळचा आहे. त्यात धाक आहे, ओढही आहे.

दयेसाठी बायबलच्या भाषांमध्ये एकाहून अधिक शब्द आहेत. 'हेसेद' म्हणजे दिलेला शब्द न मोडणारी, समोरचा चुकला तरी न सुटणारी प्रीती. १३६व्या स्तोत्रात २६ चरण आहेत आणि प्रत्येक चरण त्याची दया सनातन आहे, या अर्थाच्या पालुपदाने संपतो. तिथला मूळ शब्द हाच. 'रहामीम' हा शब्द 'रेहेम', म्हणजे गर्भाशय, याच धातूकुळातला. आईला पोटच्या लेकराविषयी जे वाटते ते इथे देवाच्या बाबतीत बोलले आहे. नव्या करारातल्या ग्रीक भाषेत येशूला गर्दी पाहून 'कळवळा आला' असे सांगताना वापरलेले क्रियापद थेट आतड्यांवरून आलेले आहे. आपण 'आतडे तुटते', 'पोटात कालवते' म्हणतो, तेच. उधळ्या मुलाला दुरून येताना पाहून धावत सुटलेल्या बापासाठी आणि जखमी वाटसरूपाशी थांबलेल्या शोमरोनी माणसासाठीही येशूची कथा लिहिणाऱ्या लूकने हाच शब्द योजला आहे.

बायबलमधील प्रसंग

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने देवाचे तेज पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तो प्रसंग निर्गम या पुस्तकाच्या ३३व्या आणि ३४व्या अध्यायांत आहे. त्याची वेळ महत्त्वाची आहे. लोकांनी नुकतेच सोन्याचे वासरू करून पूजले होते आणि मोशेने रागाने देवाच्या आज्ञांच्या पाषाणाच्या पाट्या फोडल्या होत्या. देव सांगतो, की माझे मुख पाहून कोणी जिवंत राहणार नाही. तो मोशेला खडकाच्या कपारीत ठेवतो आणि आपण पुढे जाईपर्यंत त्याला हाताने झाकतो. मग देव स्वतःचे नाव उच्चारतो, तेव्हा प्रथम येतात ते दयाळू, कृपाळू आणि मंदक्रोध हे शब्द. अपराधाची झडती घेण्याची गोष्ट त्यानंतर येते. हे ऐकताच मोशे भुईपर्यंत लवून नमस्कार करतो.

संदेष्टा यशया याचे दर्शन यहूदाच्या उज्जीया राजाच्या मृत्यूच्या वर्षातले, म्हणजे इ. स. पू. ७४० च्या सुमाराचे आहे. मंदिराचे उंबरठे हादरतात, सगळीकडे धूर भरतो, सराफीम नावाचे सहा पंखांचे देवदूत दोन पंखांनी स्वतःचे तोंड झाकून 'पवित्र, पवित्र, पवित्र' असे गर्जतात. यशया म्हणतो, की आता माझे संपले. मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. तेव्हा एक सराफ वेदीवरचा जळता निखारा चिमट्याने उचलतो आणि यशयाच्या ओठांना लावतो. या निखाऱ्यापाशी रेंगाळावे असे फार आहे. देवदूतालाही ज्यासाठी चिमटा लागतो, ते माणसाच्या ओठांवर ठेवले जाते आणि ओठ भाजल्याचा उल्लेख नाही; दोष गेला, पाप झाकले गेले, एवढेच सांगितले आहे. पौर्वात्य मंडळ्यांनी, म्हणजे पूर्वेकडील चर्चनी, या निखाऱ्यात प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या पवित्र विधीची, खूण पाहिली. बायझंटाइन उपासनेत प्रसादग्रहणानंतर हेच शब्द आजही उच्चारले जातात, की याने ओठांना स्पर्श केला आहे आणि दोष दूर झाला आहे.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या नव्या करारातल्या चार पुस्तकांत, हा धागा आणखी स्पष्ट होतो. लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्र नावाचा कोळी रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती परतलेला असतो. येशूच्या सांगण्यावरून पुन्हा जाळे टाकल्यावर इतके मासे लागतात, की जाळी फाटू लागतात आणि दोन्ही नावा बुडायला येतात. अशा वेळी कोळ्याने आनंदाने ओरडायला हवे. पेत्र येशूच्या गुडघ्यांशी पडून म्हणतो, की प्रभू, माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे. त्याला उत्तर मिळते, 'भिऊ नको.'

मार्कच्या शुभवर्तमानात तर भय बहुधा सुटकेनंतर येते, आणि ही त्या लेखकाची खास नजर आहे. वादळात शिष्य घाबरलेले असतातच. पण मार्क त्यांच्या अतिशय मोठ्या भयाचा उल्लेख करतो तो वारा पडल्यावर, समुद्र निवांत झाल्यावर. १२ वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री गर्दीतून मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. ती बरी होते, तिला ते अंगात जाणवते, आणि त्यानंतर ती भीत व कापत पुढे येते. येशू तिला 'मुली' अशी हाक मारतो. रिकाम्या थडग्यापाशी गेलेल्या स्त्रियाही येशू उठल्याची वार्ता ऐकूनच थरथरत पळतात. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट त्यांच्या त्या भयावरच होतो.

दयासन

निवासमंडपात, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूच्या उपासनास्थानात, आणि पुढे मंदिरात परमपवित्रस्थान नावाची एक खोली होती. तिथे पडद्याआड कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, होता आणि त्यावर शुद्ध सोन्याचे झाकण : अडीच हात लांब, दीड हात रुंद, दोन्ही टोकांना समोरासमोर तोंडे केलेले करूब, म्हणजे पंखांचे स्वर्गीय जीव. मूळ हिब्रूत या झाकणाला 'कप्पोरेत' म्हणतात. त्याचा संबंध प्रायश्चित्ताशी आहे. मराठी बायबलात त्याचे नाव 'दयासन' आहे. प्रमुख याजक वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी आत जाई. आपण मरू नये म्हणून तो आधी धूप जाळून त्या आसनावर धुराचे आवरण करी आणि मग बळीचे रक्त त्यासमोर सात वेळा शिंपडी. साऱ्या इस्राएलात माणसाला सर्वांत भीती वाटावी अशी ही जागा, आणि क्षमा मिळत होती तीही इथेच. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्तासाठी जो ग्रीक शब्द वापरला, तो ग्रीक जुन्या करारात या झाकणासाठी आलेला शब्द आहे. येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय सांगतो. इब्री लोकांस पत्र वाचकांना कृपेच्या आसनाजवळ धैर्याने जायला सांगते. तेच पत्र आपला देव भस्म करणारा अग्नी आहे, असेही बजावते.

विचारपरंपरा

भय आणि दया वेगळी करून पाहण्याचा मोठा प्रयत्न फार लवकर झाला. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती शिक्षक मार्सिअनने जुन्या करारातला न्यायी देव आणि येशूचा दयाळू पिता हे दोन निराळे देव ठरवले. रोमच्या मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले. ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने त्याच्या खंडनासाठी पाच ग्रंथ लिहिले. मार्सिअनचे नाव मागे पडले, तरी त्याचा विचार सामान्य भाविकांच्या बोलण्यात आजही ऐकू येतो, आणि मोशेला कपारीत ऐकू आलेले शब्द विसरल्याशिवाय तो टिकू शकत नाही.

बिशप ऑगस्टिनने ३९७ ते ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात या अनुभवाचे नेमके वर्णन आहे : मी शहारतो आणि पेटून उठतो; त्याच्यासारखा नाही म्हणून शहारतो, त्याच्यासारखा आहे म्हणून पेटतो. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने दासाचे भय आणि लेकराचे भय असा भेद मांडला. दास शिक्षेला भितो. लेकरू बापाला दुखवायला, त्याच्यापासून तुटायला भिते. प्रेम वाढते तसे पहिले भय कमी होते आणि दुसरे वाढते. हे दुसरे भय स्वर्गातही राहील, असे त्याचे मत होते. परिपूर्ण प्रीती भयाला घालवून देते हे योहानाचे वचन त्याने पहिल्या भयाला लावले, आणि माझ्या मते या प्रश्नाचा यापेक्षा चांगला उलगडा कोणी केलेला नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५०५ च्या जुलैत वादळात सापडला, विजेच्या कडकडाटाने हादरला आणि संन्यासी होण्याचा नवस बोलला. देवाच्या न्यायीपणाच्या नुसत्या उल्लेखाने ज्याला वर्षानुवर्षे धडकी भरत होती, त्या माणसाने पुढे कृपेचा सिद्धांत मांडला. तरीही १५२९ च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांचे स्पष्टीकरण देवाचे भय धरावे आणि त्याच्यावर प्रीती करावी, या जोडशब्दांनीच सुरू होते.

ब्लेझ पास्कल हा गणितज्ञ. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत त्याला आलेला अनुभव त्याने टिपून ठेवला. वर तारीख आणि वेळ, खाली एकटाच शब्द : अग्नी. मग अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव. तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे. पुढे आनंदाश्रू, आणि देवापासून दूर गेल्याची कबुली. याविषयी तो जाहीरपणे काही बोलला नाही. १६६२ मध्ये तो वारल्यावर हा मजकूर त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेला सापडला.

विसाव्या शतकात जर्मन धर्मपंडित रुडॉल्फ ओट्टोने १९१७ च्या ग्रंथात पावित्र्याच्या अनुभवाला कंप आणणारे आणि तरीही खेचून घेणारे गूढ म्हटले. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने १९३७ मध्ये 'स्वस्त कृपे'वर टीका केली : पश्चात्तापाशिवाय वाटली जाणारी क्षमा मंडळीला पोखरते. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ केल्टनर आणि हाइट यांनी विस्मयाची दोन लक्षणे सांगितली, समोरच्याची अफाटता आणि ती सामावण्यासाठी मनाची चौकट बदलण्याची गरज. हे वर्णन उपयोगी आहे; दयेचा भाग मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

उपासनेत

'किरिये एलेइसोन', प्रभू दया कर, ही ग्रीक विनवणी लॅटिन उपासनेनेही भाषांतर न करता ठेवली. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स प्रार्थनांत ती काही ठिकाणी सलग ४० वेळा म्हटली जाते. पवित्र भोजनासाठी लोकांना बोलावताना तिथे देवाचे भय धरून, विश्वासाने आणि प्रीतीने जवळ या, असे म्हणतात. येशूची प्रार्थना म्हणून ओळखले जाणारे छोटे वाक्य, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर, हे ऑर्थोडॉक्स साधू लोकरीच्या गाठींच्या दोरीवर, श्वासाच्या लयीत जपतात. त्यात येशूच्या दाखल्यातील, मंदिरात दूर उभ्या जकातदाराचा उद्गार आणि यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयाची हाक एकत्र आली आहे. चौदाव्या शतकात धर्मपंडित ग्रेगरी पालामासने ग्रीसमधील आथोस पर्वतावरील साधूंच्या या साधनेचे समर्थन केले.

रोमन कॅथलिक पंथात ईश्वरी दयेची भक्ती पोलंडच्या फॉस्तिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) या मठवासी भगिनीमुळे पसरली. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्लॉत्स्क येथील मठातल्या खोलीत तिला येशूचे दर्शन झाले. पांढरा झगा, छातीपासून निघालेले दोन किरण, एक लाल आणि एक फिका. तसे चित्र काढून घेण्याची आज्ञा तिला झाली. १९३४ मध्ये विल्नियस येथे काझिमिरोव्स्की या चित्रकाराने ते रंगवले. पूर्ण चित्र पाहून ती रडली. तू जसा सुंदर आहेस तसा तुला कोण रंगवणार, असे तिने विचारले. रंग किंवा कुंचला यांत या चित्राचे मोठेपण नाही, कृपेत आहे, हे तिला मिळालेले उत्तर तिने वहीत नोंदवले आहे. क्षयाने ती ३३व्या वर्षी गेली. तिच्या लेखनाच्या प्रसारावर १९५९ मध्ये रोमने घातलेली बंदी १९७८ मध्ये उठली. ३० एप्रिल २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केले आणि पुनरुत्थान सणानंतरचा रविवार दयेचा रविवार ठरला. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६ हे दयेचे विशेष वर्ष पाळले.

अनुभवाची पारख

अंगावर काटा येणे, रडू फुटणे, कापरे भरणे यांवरून अनुभव खरा ठरतो का, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील १७३४–३५ च्या धर्मजागृतीत असे पुष्कळ पाहिलेल्या जोनाथन एडवर्ड्स या उपदेशकाने १७४६ मध्ये उत्तर दिले : शरीराच्या अशा खुणांवरून खरेही ठरत नाही आणि खोटेही. त्याने खऱ्या भक्तीची १२ लक्षणे दिली. शेवटचे आणि सर्वांत विस्ताराने मांडलेले लक्षण म्हणजे आचरण. भयाचा गैरवापरही इथेच ओळखता येतो. नरकाची चित्रे रंगवून माणसांना दबवणारा उपदेशक त्यांना दासाचे भय देतो. क्षमेची थोरवी जाणवून मान खाली गेली, तर माणूस दुसऱ्याला क्षमा करायला निघतो. आपल्याला प्रचंड कर्ज माफ झालेले असताना सोबत्याचा किरकोळ कर्जासाठी गळा धरणाऱ्या दासाची गोष्ट येशूने त्यासाठीच सांगितली. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, आजाऱ्याची व कैद्याची भेट ही दयेची कृत्ये मत्तयाच्या २५व्या अध्यायावर आधारलेली आहेत.

अनेकांना, श्रद्धा असूनही, यांतले काहीच जाणवत नाही. ख्रिस्ती परंपरा अशांना दोषी धरत नाही. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे दाखवतात, की जवळजवळ ५० वर्षे त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते; त्या काळात मरणासन्न माणसांची शुश्रूषा त्यांनी सोडली नाही. स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र सुरुवातीला देवाला तारणारा म्हणून हाक मारते आणि उत्तर न मिळताच अंधारावर संपते. रोमन प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वी तेच म्हटले जाते.