सरकारनं शस्त्रं देणं वेगळं आणि कंपनीनं विकणं वेगळं, पण किती वेगळं?

युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेताना एक वाद ठरलेला, "म्हणे तटस्थ देश, आणि बंदुका तर तिथूनच जातायत!" राग बरोबर आहे पण त्यात दोन गोष्टींची खिचडी होते. तटस्थ देशाच्या सरकारनं स्वतः शस्त्रं देणं किंवा आपल्या हद्दीतून जाऊ देणं ही एक, आणि त्या देशातल्या खाजगी कंपनीनं धंदा म्हणून विकणं ही दुसरी.

या बाबतीतला मूळ कायदा म्हणजे 1907 चे हेग करार. जमिनीवरच्या युद्धाच्या करारात स्पष्ट लिहिलंय की लढणाऱ्यांनी तटस्थ देशातून सैन्य किंवा दारूगोळ्याचे ताफे न्यायचे नाहीत आणि त्या देशानंही ते होऊ द्यायचं नाही. आणि त्याच करारात कलम 7 म्हणतं की शस्त्रांची निर्यात अडवायची सक्ती तटस्थ देशावर नाही, फक्त बंदी घालायचीच असेल तर दोन्ही बाजूंना सारखी घाला (हे कलम 9). समुद्री युद्धाच्या करारात मात्र सरकारनं युद्धनौका, दारूगोळा वगैरे थेट किंवा आडून देणं साफ मना आहे. म्हणजे बघा, भावकीत बांधावरून जुंपली आणि दुकानदारानं जो येईल त्याला कोयता विकला तर तो त्याचा धंदा झाला, पण सरपंचानं ग्रामपंचायतीच्या पैशातून एकालाच कोयता घेऊन दिला तर सरपंच भांडणात उतरला.

स्वीडननं दुसऱ्या महायुद्धात हे दोन्ही केलं. जर्मनीला लोहखनिज विकत राहिले, ते चीड आणणारं असलं तरी व्यापारात बसतं. पण जून 1941 मध्ये जर्मनीची 163 वी डिव्हिजन नॉर्वेहून फिनलंडला स्वीडनच्या रेल्वेनं गेली, तिथं मात्र कायद्यात पळवाट उरत नाही. अमेरिकेचंही तसंच. पहिल्या महायुद्धात 1917 पर्यंत ती तटस्थ होती आणि तिथले कारखाने ब्रिटन-फ्रान्सला तोफगोळे विकत होते, जर्मनीनं बोंब मारली तर उत्तर काय, की हा खाजगी व्यापार आहे, तुम्हालाही विकू की! आता समुद्रावर ब्रिटिश आरमार आडवं पसरलेलं असताना जर्मनीनं माल न्यायचा कसा हे कुणी विचारायचं नाही. पुढं सप्टेंबर 1940 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी 50 जुन्या विनाशिका, म्हणजे युद्धनौकाच, ब्रिटनला दिल्या तेव्हा देणारं सरकारच होतं, त्याला व्यापार म्हणायची सोय नव्हती.

खाजगी विक्रीलाही एक कुंपण होतं. 1862 मध्ये इंग्लंडात बर्कनहेडच्या खाजगी गोदीत अलाबामा नावाचं लढाऊ जहाज अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या बंडखोरांसाठी बांधलं गेलं, ब्रिटिश सरकारनं वेळेत अडवलं नाही, आणि 1872 ला जिनिव्हाच्या लवादानं ब्रिटनला अमेरिकेला 1 कोटी 55 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. (अलाबामासोबत इतर जहाजांचंही त्यात होतं.)

आता माझं म्हणणं. कलम 7 लिहिलं तेव्हा कंपनी माल विकायची आणि सरकार बाजूला राहू शकायचं. आज जवळपास कुठल्याच देशातून तोफगोळा सरकारी परवान्याशिवाय बाहेर पडत नाही, मग प्रत्येक खेपेवर सरकारचा शिक्का असताना "ते कंपनीनं विकलं, आमचा काय संबंध" हे कसं पटायचं? स्वित्झर्लंडला हे कळतं, म्हणून 2022 मध्ये जर्मनीनं गेपार्ड रणगाड्यांचा स्विस बनावटीचा 35 मिमी दारूगोळा युक्रेनला द्यायची परवानगी मागितली तर त्यांनी नाही म्हटलं. तो माल आधीच जर्मनीला विकलेला होता, तरी! कुणी म्हणेल हा अतिरेक झाला, पण निदान जबाबदारी झटकली नाही. 2013 च्या शस्त्र व्यापार कराराचाही रोख हाच आहे, माल नरसंहार किंवा युद्धगुन्ह्यांसाठी वापरला जाणार हे माहीत असेल तर परवाना द्यायचाच नाही, मग विकणारा सरकारी असो की खाजगी. संयुक्त राष्ट्रांत त्या करारावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला, आणि अजून सही केलेली नाही.

आणि भारत कायद्याच्या अर्थानं स्वित्झर्लंडसारखा कायमचा तटस्थ नाहीच, आपलं अलिप्तपण हे धोरण आहे. सप्टेंबर 2024 मध्ये इस्रायलला जाणारी शस्त्रनिर्यात थांबवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात आली, कोर्टानं परराष्ट्र धोरण आमचं काम नाही म्हणत फेटाळली. म्हणजे चेंडू परत परवाना देणाऱ्या टेबलावरच आला.

त्या टेबलाशी आपल्याकडच्या वर्कशॉपवाल्यांचाही संबंध येतो बरं का. सातारा एमआयडीसी असो की मिरज, कुपवाड, बाहेरून एखादी इन्क्वायरी येते, ड्रॉइंगवर नुसता गोल टर्न केलेला पार्ट, टॉलरन्स कडक, मटेरियल ग्रेड वेगळाच आणि भाव मात्र चांगला. पार्ट स्कोमेट यादीच्या (निर्यातीला सरकारी परवानगी लागणाऱ्या मालाची यादी) सहाव्या कॅटेगरीत, म्हणजे युद्धसाहित्यात, बसत असेल तर परवानगी संरक्षण उत्पादन विभागाची लागते. एंड यूजर सर्टिफिकेट मागतात, त्यात माल शेवटी कोण वापरणार आणि कशासाठी ते लिहून द्यावं लागतं. पार्टी त्यावर "ट्रेडिंगसाठी" एवढंच लिहून मोकळी होत असेल तर ॲडव्हान्स घ्यायच्या आधी शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव मागून घ्या, आणि यादीबद्दल शंका असेल तर मशीनवर जॉब चढवायच्या आधीच डीजीएफटीला (केंद्र सरकारचं विदेश व्यापार महासंचालनालय) लेखी विचारा.