क्लिपलेस पेडल व क्लीट

क्लिपलेस पेडल : सायकलस्वाराचा बूट स्प्रिंगच्या जबड्यात अडकवून धरणारे आणि टाच बाहेर वळवताच तो सोडणारे पेडल. बुटाच्या तळव्याला बोल्टने आवळलेला प्लॅस्टिकचा किंवा धातूचा जो तुकडा या जबड्यात बसतो, त्याला क्लीट म्हणतात. ‘क्लिपलेस’ म्हणजे बिनक्लिपचे, आणि पाय तर त्यात खटकन अडकतो; नवख्याचा इथे हमखास गोंधळ उडतो. नावातली क्लिप ही जुनी टो क्लिप होय. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलांवर पावलाचा पुढचा भाग धरणारा पिंजरा व चामड्याचा पट्टा असे. नव्या पेडलात तो उरला नाही, म्हणून हे नाव.

पट्टा आवळला की पाऊल घट्ट बसे, पण उतरण्यापूर्वी वाकून तो हाताने सैल करावा लागे. इटलीतील चिनेल्ली या कंपनीने १९७० च्या दशकात पट्ट्याविना पाऊल धरणारे एम-७१ हे पेडल काढले. मात्र त्यातूनही पाय सोडवायला हातानेच खटका सरकवावा लागत असल्याने ते फारसे रुळले नाही. बर्फावरील स्कीला बूट धरून ठेवणाऱ्या व पडताना तो सोडणाऱ्या पकडी बनवणाऱ्या फ्रान्समधील लुक कंपनीने १९८४ मध्ये तीच युक्ती सायकलीला लावली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो याने ही पेडले वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली आणि शर्यतींतून पट्टे झपाट्याने दिसेनासे झाले. जपानमधील शिमानो कंपनीची लहान धातूच्या क्लीटची एसपीडी पद्धत १९९० मध्ये आली. ती मुळात डोंगरवाटांच्या सायकलींसाठी होती.

निवडीची सुरुवात पेडलापासून नव्हे, बुटाच्या तळव्यावरील छिद्रांपासून होते. रोड बाइकच्या बहुतेक बुटांना त्रिकोणात मांडलेली तीन छिद्रे असतात व त्यांवर लुक किओ, शिमानो एसपीडी-एसएल यांसारखी रुंद प्लॅस्टिकची क्लीट बसतात. एसपीडीचे क्लीट दोन बोल्टचे असून ते खोलगट तळव्यात दडते, त्यामुळे चालताना जमिनीला टेकते ते बुटाचे रबर. स्पीडप्ले पद्धत चार बोल्टची आहे, पण जोडपट्टी घेतल्यास ती तीन छिद्रांच्या बुटालाही चालते. तिच्यात पकडीची यंत्रणा पेडलात नसून क्लीटमध्ये असते आणि पेडल दोन्ही बाजूंनी लागते. पैसे वाया जातात ते बहुधा एकाच ठिकाणी : लुक किओ व एसपीडी-एसएलची क्लीट दिसायला सारखी असतात, एकाच बुटावर बसतातही, पण एकाचे क्लीट दुसऱ्याच्या पेडलात नीट बसत नाही. लुकचे जुने डेल्टा क्लीटही किओ पेडलाला चालत नाही.

क्लीटच्या रंगावरून फ्लोट कळतो. पकड न सुटता टाच जितके अंश डावी-उजवीकडे हलू शकते, तो फ्लोट. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये लाल रंग म्हणजे शून्य अंश, निळा २ अंश व पिवळा ६ अंश. लुक किओमध्ये काळा शून्य, करडा ४.५ आणि लाल ९ अंश. लाल रंगाचा अर्थ दोन कंपन्यांत नेमका उलटा आहे, हे खरेदीच्या वेळी विसरू नये. गुडघ्यांना थोडी मोकळीक हवी असते, म्हणून नवख्याने शून्य अंशाच्या वाटेला जाऊ नये.

खानदेशातील सायकलस्वारापुढे आणखी एक प्रश्न असतो : दिवसभरात पाय किती वेळा जमिनीला लागणार? धुळ्याहून महामार्गाने लळिंगपर्यंत जाऊन परतणाऱ्याला तीन बोल्टची पेडले छान चालतात. रुंद क्लीटमुळे दाब चवड्याखाली पसरतो व लांब पल्ल्यात तळवा दुखत नाही. पण यावल-रावेर भागात केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर पुढे आडवा येतो, शहाद्याहून तोरणमाळ चढताना सातपायरी घाटात दम लागून उतरावे लागते, पावसाळ्यात तर डांबराची कड सोडली की पाय थेट काळ्या मातीत. ही माती ओली असताना बुटाला लागली की सुटत नाही. प्रत्येक पावलागणिक तिचा थर चढतो, क्लीटच्या खाचा बुजतात आणि पेडलावर कितीही जोर दिला तरी खटका वाजत नाही. मग बाभळीची काडी मोडून एकेक खाच कोरत बसावे लागते. तीन बोल्टचे क्लीट उघडे असल्याने या चिखलात लवकर हरते. दोन बोल्टचेही भरते, पण कोरून लवकर मोकळे होते. म्हणून चहाच्या टपऱ्या, खेड्यातले रस्ते आणि घाट असा ज्याचा मार्ग आहे, त्याने रोड बाइकलाही एसपीडीच लावावी. शर्यतीचा डौल कमी होतो खरा, पण चालताना बदकासारखी फताडी चाल करावी लागत नाही.

क्लीट बसवताना बूट घालून पावलाच्या आतल्या कडेला अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाड चाचपावे व त्या जागी बुटावर पेनाने खूण करावी. करंगळीच्या मुळाशीही तसेच करावे. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध, किंवा लांब पल्ल्यासाठी किंचित टाचेकडे ठेवावा, म्हणजे पोटरीवरचा ताण हलका होतो. कोन ठरवायला उंच ओट्यावर बसून पाय लोंबते सोडावेत : पावले ज्या दिशेला आपोआप वळतात, तीच क्लीटची दिशा. बोल्टांना आधी ग्रीस लावून ते ४ मिमीच्या अ‍ॅलन कीने, साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके आवळतात. पेडल क्रँकला, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला ते बसते त्याला, लावताना उजव्या पेडलाचे आटे सरळ व डाव्याचे उलटे असतात; हे न कळल्याने क्रँकचे आटे मारले जातात.

स्प्रिंगचा ताण सुरुवातीला सर्वांत कमी ठेवून, भिंतीला हात टेकून, दोन्ही पायांनी वीस-पंचवीस वेळा अडकवणे-सोडवणे करावे. तरीही पहिल्या आठवड्यात एखाद्या चौकात थांबताना सायकलीसकट आडवे होणे चुकत नाही. दुखापत बहुधा फुशारकीलाच होते. थांबायच्या आधीच एक पाय सोडवण्याची सवय हाच त्यावर इलाज.

प्लॅस्टिकची क्लीट चालण्याने झिजतात, म्हणून उतरताच त्यांवर रबरी टोप्या चढवाव्यात. पुढच्या टोकाची धार गोल झाली, किंवा टाच न वळवताच पाय सुटू लागला, की क्लीट बदलावे. जोडीतले एकच बदलू नये. जुने काढण्याआधी त्याची कड तळव्यावर पेनाने आखून घेतली की नवे नेमके त्याच जागी बसते.