सांबऱ्याहून बेंगळुरू किती मिनिटांवर?

बेळगाव-बेंगळुरू रस्ता साधारण पाचशे किलोमीटरचा. हवाई अंतर मात्र कागद-पेन्सिल घेऊन घरीच काढता येतं. बेळगावचा सांबरा विमानतळ १५.८६ उत्तर अक्षांश आणि ७४.६२ पूर्व रेखांशावर आहे, तर बेंगळुरूचा देवनहळ्ळी विमानतळ १३.२० आणि ७७.७१ वर. अक्षांशांतला फरक २.६६ अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, तर २९५. रेखांश ध्रुवांकडे एकत्र येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात त्यांच्या एका अंशाचे १०८ किलोमीटरच भरतात, ३.०९ अंशांचे ३३४. आता शाळेतला पायथागोरस लावा: सुमारे ४४५ किलोमीटर. पृथ्वी गोल असली तरी एवढ्या अंतरात चूक किरकोळच राहते. लंडनचं अंतर काढायला गेलात तर ही युक्ती फसेल.

ताशी ५०० किलोमीटरने उडणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानाला हे अंतर कापायला ५३ मिनिटं लागावीत. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ दिसते, कारण ती चाकांखालचे अडसर निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, कमी वेगाने वर चढणं, सगळं त्यातच. वाऱ्याचाही हिशेब आहे. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर ५३ ची ५९ मिनिटं होतात आणि पाठीमागून असेल तर साधारण ४८. म्हणजे तोटा सहा मिनिटांचा, फायदा पाचाचाच.

उतरणंही लांबलचक असतं. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. साडेपाच किलोमीटर उंचीवरून समुद्रकाठच्या विमानतळावर उतरायचं तर १०५ किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंच, त्यामुळे इथे ९० पुरतात. बेंगळुरूहून येताना हा टप्पा हुबळीच्या आसपास येतो. कानांत दडे बसू लागतात ते तिथूनच.

सांबऱ्याच्या धावपट्टीच्या टोकांवर ०८ आणि २६ हे आकडे आहेत. पुढे शून्य लावलं की होकायंत्राची दिशा मिळते: ८० अंश, म्हणजे जवळपास पूर्व, आणि २६० अंश, म्हणजे जवळपास पश्चिम. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, कारण त्याने जमिनीवरचा वेग कमी राहतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. आग्नेयेकडून येणाऱ्या बेंगळुरूच्या विमानाला थोडंसं डावीकडे वळलं की पट्टी समोर. मुंबईहून हवाई अंतर कमी, जेमतेम ४०० किलोमीटर. पण ते विमान उत्तरेकडून येतं, त्याला पूर्वेला जाऊन उलटं फिरावं लागतं. त्यात काही मिनिटं जातातच. ढग खाली आले आणि पट्टी दिसेना, तर घिरट्या, नाहीतर थेट दुसरा विमानतळ.

निपाणीकरांनी आणखी एक बेरीज करावी. सांबरा ऐंशीएक किलोमीटर, कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ त्याच्या निम्म्या अंतरावर. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा सांबऱ्याचं विमान धरायचं तर उड्डाणाआधी तीन तास घर सोडलेलं बरं.