स्थानिक राजकीय ब्लॉगलेखन

आपल्या गावाच्या, प्रभागाच्या किंवा तालुक्याच्या कारभाराविषयी एखाद्या रहिवाशाने स्वतःच्या जबाबदारीवर, सातत्याने आणि कोणालाही वाचता येईल अशा रीतीने आंतरजालावर केलेले लेखन. इथे 'राजकीय' या शब्दाचा अर्थ दिल्लीतील आघाड्या असा नाही. पाणीपट्टी कोणी वाढवली, कोणता रस्ता दोनदा झाला, ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली तेव्हा तिथे नेमके कोण बसले होते, हा या लेखनाचा विषय. लिहिणारा निवृत्त शिक्षक असेल, औषधाचे दुकान चालवणारी बाई असेल, तालुका न्यायालयातला वकील असेल. तो काय करतो यावरून तो ब्लॉगर ठरतो. त्याच्या खिशात कोणते ओळखपत्र आहे यावरून नव्हे. पण समाजात, न्यायालयांत आणि बातम्यांतही ही साधी गोष्ट पुन्हा पुन्हा विसरली जाते.

'वेबलॉग' हा शब्द डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी वापरात आणला. पीटर मेरहोल्झ यांनी १९९९ मध्ये त्याची फोड 'वी ब्लॉग' अशी केली आणि 'ब्लॉग' मागे उरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' नावाची मोफत सेवा सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये ती गूगलने घेतली. सेवेचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव एकच झाल्याने पहिला घोळ तिथेच झाला. त्या सेवेवर ज्याचे खाते तोच ब्लॉगर, अशी समजूत अजूनही भेटते. मराठीत ब्लॉगसाठी 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' हे प्रतिशब्द काही काळ चालले. 'अनुदिनी'मुळे मात्र हे लेखन म्हणजे खासगी रोजनिशी असा भास होतो, आणि स्थानिक राजकीय ब्लॉग तर अगदी त्याच्या उलट, चारचौघांत मांडलेला हिशेब असतो.

तंत्र नवे असले तरी वृत्ती नवी नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावाने शतपत्रे लिहिली. पगारी संपादक नसलेला, टोपणनावाने लिहिणारा, आपल्याच समाजाला आणि आपल्यावरच्या सत्तेला प्रश्न विचारणारा नोकरदार: आजच्या व्याख्येत हा माणूस चपखल बसतो. पुढे चौकाचौकांतले वार्ताफलक आणि वर्तमानपत्रांतला वाचकांचा पत्रव्यवहार यांनी हीच जागा भरली. फलकावरचा मजकूर दुसऱ्या दिवशी पुसला जाई आणि पत्र छापायचे की नाही हे संपादक ठरवी. ब्लॉगमुळे या दोन्ही अडचणी दूर झाल्या.

महाराष्ट्रात या लेखनाला खरे बळ मिळाले ते माहितीच्या अधिकारामुळे. राज्याचा स्वतःचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यातील कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे परिपत्रक काढले. एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च घरबसल्या पाहता येतो. कच्चा माल असा उपलब्ध आहे. तो वाचून सांगणारा माणूस मात्र दुर्मीळ.

असा एक लेख कसा उभा राहतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. वस्तीतल्या रस्त्याच्या तोंडाशी कामाचा फलक लागतो: कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, दोष दायित्व कालावधी (म्हणजे बिघाड झाल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत). पावसाळ्यानंतर खडी वर येते. लिहिणारा आधी फलकाचा फोटो काढतो, कारण फलक नाहीसा व्हायला वेळ लागत नाही. मग माहिती अधिकाराचा, जोडपत्र 'अ'मधला अर्ज लिहून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतो आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची, प्रतीला पानामागे २ रुपये. कार्यालयात या पुस्तिकेला सगळे 'एमबी' म्हणतात आणि खरी गोष्ट तिच्यातच असते. एमबीत लांबी ४०० मीटर लिहिलेली असते. लिहिणारा टेप घेऊन पहाटे, रहदारी नसताना, शेजाऱ्याच्या मुलाला दुसरे टोक धरायला लावून रस्ता मोजतो. ३१० मीटर भरला तर तो आकडा, एमबीचे पान आणि फलकाचा फोटो शेजारी शेजारी ठेवतो. काम 'पंचविसशे पंधरा'च्या, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या कामांसाठीच्या २५१५ या लेखाशीर्षाच्या निधीतले असेल, तर ते कोणत्या लोकप्रतिनिधीने सुचवले हेही शोधतो. लेखात विशेषण एकही नसले तरी चालते.

शहरांत हेच काम विषयपत्रिकेवरून चालते. सर्वसाधारण सभेतले 'आयत्या वेळचे विषय', स्थायी समितीने एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवण्यासाठी केलेले 'वर्गीकरण', निविदेला दिलेली मुदतवाढ, या गोष्टी बातमीच्या चौकटीत मावत नाहीत. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. नगरसेवक नाहीत, सभागृहात चर्चा नाही आणि समित्यांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे, अशा काळात प्रशासकीय ठराव वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्याची गरज वाढते.

ब्लॉगर कोणाला म्हणायचे, याबद्दलच्या गैरसमजांत सर्वांत जुना गैरसमज अमेरिकेतला आहे. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस वाहिनीने दाखवलेल्या काही कागदपत्रांच्या खरेपणावर ब्लॉगरांनी शंका घेतली. तेव्हा त्या वाहिनीच्या एका माजी अधिकाऱ्याने ब्लॉगर म्हणजे घरात पायजम्यावर बसून लिहिणारा माणूस, असे वर्णन केले. ती कागदपत्रे अस्सल असल्याचे वाहिनीला सिद्ध करता आले नाही. पायजम्याचे चित्र मात्र जगभर पसरले. आपल्याकडे त्याचे रूप 'कामधंदा नसलेला' असे झाले. ग्रामसभेत प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची, प्रत मागणाऱ्याला हे विशेषण हमखास ऐकावे लागते. प्रत्यक्षात हे काम कामधंदा सांभाळून, रविवार घालवून करावे लागते.

दुसरा गैरसमज वरच्या टोकाचा. अमिताभ बच्चन यांनी २००८ मध्ये आणि लालकृष्ण अडवाणी यांनी २००९ च्या निवडणुकीआधी ब्लॉग सुरू केल्यावर ब्लॉग म्हणजे मोठ्यांचे मनोगत, असे अनेकांना वाटू लागले. वृत्तपत्रांनीही आपल्या संकेतस्थळांवर नोकरीतल्या पत्रकारांच्या सदरांना 'ब्लॉग' म्हणायला सुरुवात केली. ते लेखन चांगले असू शकते, पण त्यामागे संपादक, कायदा विभाग आणि पगार असतो. स्थानिक ब्लॉगरच्या मागे यातले काही नसते. आता 'ब्लॉगर' म्हटले की लोकांना 'व्लॉगर' ऐकू येते आणि ते कॅमेरा कुठे आहे असे विचारतात. तालुक्याच्या गावी सगळ्यांना मिळून 'पोर्टलवाले' म्हणतात, आणि त्यात जाहिरातीसाठी बातमी करणारा व पदरमोड करून लिहिणारा एकाच पंक्तीत बसतात. हा सरसकट शिक्का प्रामाणिक माणसावर फार अन्याय करतो.

उलट दिशेची चूकही होते: आंतरजालावर काहीही लिहिणारा प्रत्येक जण ब्लॉगर. २००८ मध्ये केरळच्या एका विद्यार्थ्यावर ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्याने ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवसेनाविरोधी समूह सुरू केला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला संरक्षण नाकारले, तेव्हा बातम्यांनी त्याला 'ब्लॉगर' केले. त्याने ब्लॉग लिहिला नव्हता, समूह उघडला होता. हा फरक क्षुल्लक नाही. समूहात इतरांच्या टिप्पण्यांची जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतो; ब्लॉगच्या मजकुराची जबाबदारी लिहिणाऱ्याची, यात शंका नसते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्याही ब्लॉगर नव्हत्या, आणि त्यांतल्या एकीने तर तो मजकूर फक्त 'लाइक' केला होता. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या लढ्यात २४ मार्च २०१५ रोजी आंतरजालावरील 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. त्याचा लाभ ब्लॉगरांनाही झाला. सरकारी यंत्रणेचा गोंधळ याहून आधीचा आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकलमधील बॉम्बस्फोटांनंतर मोजकी पाने रोखण्याचा आदेश निघाला आणि इंटरनेट कंपन्यांनी काही दिवस अख्खे ब्लॉगस्पॉटच, म्हणजे 'ब्लॉगर' सेवेवरचे ब्लॉग जिथे दिसत ते संकेतस्थळच, बंद करून टाकले.

'तुम्ही पत्रकार आहात का?' हा प्रश्न ब्लॉगरला सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि तो चुकीच्या जागी विचारला जातो. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख हवा अशी मागणी झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की नागरिकाला नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला नाही. संपादकही नागरिक म्हणूनच लिहितो. म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आधी नागरिकाचा, मग वृत्तपत्राचा. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकाराला मिळणारी सरकारी मान्यता, ही सवलतींसाठी असते. ती लिहिण्याची परवानगी नव्हे. अमेरिकेतील एका अपील न्यायालयानेही २०१४ मध्ये ऑब्सिडियन फायनान्स विरुद्ध कॉक्स या खटल्यात हेच धरले, की बदनामीच्या दाव्यातले घटनात्मक संरक्षण लिहिणारा प्रशिक्षित पत्रकार आहे की नाही यावर ठरत नाही.

तरीही काही ठिकाणी व्याख्येने फरक पडतो. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्य विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केलेला कायदा प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्यांना संरक्षण देतो. एकट्याने लिहिणारा त्याच्या बाहेर राहतो, आणि धोका तर त्यालाच जास्त. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. ते ब्लॉगर म्हणून ओळखले जात नव्हते. पण जमिनीच्या व्यवहारांचे कागद बाहेर काढणाऱ्याला गावपातळीवर काय सोसावे लागू शकते, हे त्या घटनेने दाखवले. टोपणनावामागे भित्रेपणा शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी आचारसंहिता आली. मात्र पद्धतशीर व्यवसाय, पेशा किंवा व्यापार म्हणून न लिहिणाऱ्या व्यक्तीला त्या व्याख्येतून वगळले आहे. हौसेने लिहिणारा बाहेर, पण पानावर जाहिराती घेऊन नियमित लिहिणारा कुठे, हे धूसरच राहते. या आचारसंहितेच्या सक्तीशी संबंधित नियम ९(१) व ९(३) यांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील, वैयक्तिक माहिती नाकारण्याविषयीचे कलम ८(१)(ञ) बदलण्याची तरतूद केली, आणि त्यात पत्रकारितेसाठी सूट नाही. घरकुलाची लाभार्थी यादी तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत चिंतेची बाब आहे. बदनामीचा कायदा तर सर्वांना सारखाच. जुने भारतीय दंड विधानाचे कलम ४९९ आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झाले आहे.

पक्षासाठी पैसे घेऊन लिहिणारेही असतात. निवडणूक आयोगाने २०१३ पासून उमेदवाराला आपली समाजमाध्यम खाती प्रतिज्ञापत्रात नोंदवायला लावली. समर्थकांच्या नावाने चालणारी पाने त्यातून सुटतात. एखादा ब्लॉग कोणाच्या बाजूचा आहे, हे ओळखायला त्याचे जुने लेख उपयोगी पडतात: सत्ता बदलल्यावर त्याच रस्त्याविषयीचे त्याचे प्रश्न बदलले का?

पण जुने लेख मिळणेच अवघड झाले आहे. बहुतेक लेखन आता व्हॉट्सअ‍ॅप गटांत जाते आणि तिथे चार दिवसांत खाली सरकते. नूतनीकरणाचे पैसे न भरल्याने कितीतरी संकेतस्थळे बंद पडली. त्यात दर निवडणुकीला प्रभागरचना बदलते. २०१२ च्या लेखातला 'प्रभाग १४' आज कुठे आहे, हे जुना नकाशा असल्याशिवाय कळत नाही. म्हणून जाणते ब्लॉगर प्रभागाच्या क्रमांकाबरोबर गल्लीचे नाव, जवळचे देऊळ किंवा पिठाची गिरणीही लिहून ठेवतात.