तालमीतल्या अंधारात चार फ्लॅश

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या तालमीत कुस्तीचा फोटो काढायचा तर आधी अंधाराशी झुंजावं लागतं. भिंती जाड, खिडक्या लहान आणि हौद्यातली, म्हणजे आखाड्याच्या खड्ड्यातली, तांबडी माती आहे तो उजेडही गिळते. त्यात गडी क्षणभर थांबत नाही.

धोबीपछाडीत सव्वा मीटरवरून खाली येणाऱ्या पैलवानाचा वेग मातीला टेकताना सेकंदाला जवळपास 5 मीटर होतो. शटर 1/200 सेकंद उघडं राहिलं तरी तेवढ्यात तो अडीच सेंटिमीटर सरकतो. फ्लॅश लावला की बहुतेक कॅमेऱ्यांचं नेहमीचं शटर याच्या फार पुढे जात नाही. त्यामुळे हालचाल गोठवायची ती फ्लॅशनेच.

फ्लॅशच्या पोटात एक कपॅसिटर असतो. तो सुमारे 300 व्होल्टला भरतो आणि झेनॉन वायूच्या नळीत रिकामा होतो. पॉवर कमी केली की उजेड मंद होत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो मधेच तोडला जातो. म्हणून पॉवर जितकी कमी, तितका लखलखाट आखूड. चांगल्या हॉटशू (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत बसणाऱ्या) फ्लॅशचा पूर्ण पॉवरचा झोत साधारण 1/1000 सेकंद टिकतो, 1/4 पॉवरचा 1/2500, तर 1/16 चा 1/10000. पहिल्यात आपला पैलवान 5 मिलिमीटर सरकतो, शेवटच्यात अर्धा. उडालेल्या मातीचा कण न् कण सुटा दिसतो तो इथेच.

तालमीत एकच फ्लॅश 1/4 वर झगडवण्यापेक्षा दोन फ्लॅश एका स्टँडवर 1/16 ला लावावेत आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, दुप्पट करावा. फोटो तेवढाच उजळ येतो, झोत मात्र चौपट आखूड होतो. जास्त फ्लॅश घेण्याचं खरं कारण माझ्या मते हेच. नाट्यमय सावल्या नंतरची गोष्ट.

ही जोडी समोरच्या कोपऱ्यात, उंच आणि लांब ठेवावी. स्टँड दोन मीटरवर असेल आणि कुस्ती सरकत एक मीटरवर आली, तर अंगावरचा उजेड चौपट होतो. पाच मीटरवरून तीच कुस्ती एक मीटर जवळ आली तर फरक दीडपटीच्या आसपास राहतो. "लाईटी जरा लांब ठेव की बाळ," असं वस्ताद गड्यांच्या काळजीनं सांगतात, ते फोटोच्याही भल्याचंच असतं. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच.

उरलेले दोन मागच्या कोपऱ्यांत, तिरपे. धुळीचे कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे त्यांच्यावर पडलेला उजेड मुख्यतः पुढच्या दिशेलाच विखुरतो. मागून झोत आला की माती पेटल्यासारखी उजळते. कॅमेऱ्यावरच फ्लॅश बसवला तर भिंगाजवळची धूळ पांढऱ्या ठिपक्यांसारखी फोटोभर पसरते. घामानं ओल्या पाठीवरचे स्नायूही या तिरप्या उजेडातच उठून दिसतात.

चौघे एकाच क्षणी पेटायला हवेत. दुसऱ्याचा लखलखाट पाहून पेटणारे फ्लॅश इथे दगा देतात, कारण मधे कुणीतरी उभं असतंच. 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ ट्रिगरला समोरासमोर दिसण्याची गरज नसते. फक्त फ्लॅशला जोडायचे, ट्रिगरचा इशारा पकडणारे रिसीव्हर वेगवेगळ्या कंपन्यांचे मिसळू नयेत. एक मिलिसेकंदाचा उशीरही त्या वेगाला 5 मिलिमीटरचा दुहेरीपणा आणतो. कुस्ती सुरू होण्याआधी मूठभर माती डोक्याच्या उंचीवरून सोडून एक फोटो घ्यावा आणि मोठा करून पाहावा. कण जोडीनं दिसले, तर आधी रिसीव्हर तपासावेत.