पेशी बारीक आहेत, पण लोह कमी आहे का?

दोन बायकांचे रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. दोन्हींत हिमोग्लोबिन १०.६. दोन्हींवर एकच शेरा: 'मायक्रोसायटिक, हायपोक्रोमिक', म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान आणि रंगाने फिक्या. 'अंगात रक्त कमी आहे' म्हणून दोघींनाही लोहाच्या गोळ्या सुरू होतात. एकीचा आकडा महिन्याभरात चढायला लागतो. दुसरी सहा महिने गोळ्या घेते, पोट बिघडवून घेते, आणि आकडा होता तिथेच.

पहिलीला लोहाची कमतरता आहे, दुसरीला बीटा थॅलसेमिया मायनर, म्हणजे ती या आनुवंशिक रक्तदोषाची वाहक.

हिमोग्लोबिन बनतं दोन गोष्टींचं: लोह असलेलं हीम आणि ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या. पहिलीकडे साखळ्या भरपूर, पण लोहाचा साठा संपलाय. दुसरीकडे लोह पुरेसं, पण बीटा साखळी बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एक जन्मापासूनच सदोष. हिमोग्लोबिन कमी पडलं की पेशी लहानच राहते, मग कमी काहीही पडलेलं असो. म्हणून दोन्ही चित्रं सारखी दिसतात.

फरक त्याच कागदावर असतो, फक्त सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर खिळलेली असते. खालचे दोन आकडे बघा. पहिलीचा एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ७२ आणि तांबड्या पेशी ४.६ दशलक्ष. दुसरीचा एमसीव्ही ६४, तरी पेशी ५.५ दशलक्ष! रक्त कमी म्हणायचं आणि पेशी मात्र भरघोस, हे लोहाच्या कमतरतेत सहसा जमत नाही. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागा: पहिलीचं उत्तर साधारण १५.७, दुसरीचं ११.६. तेराच्या खाली आलं तर थॅलसेमियाचा संशय, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा. याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. हा अंदाजच, निदान नव्हे. पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यूही लोह कमी असताना बहुधा वाढतो, मायनरमध्ये बऱ्याचदा बेताचाच राहतो.

खात्री होते ती पुढच्या तपासण्यांनी. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, कमी आलं की लोह कमी, यात वाद नाही. पण अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे 'नॉर्मल' वाचून लगेच निश्चिंत होऊ नये. मायनरसाठी हिमोग्लोबिन ए-टू हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार मोजतात; मायनरमध्ये तो सहसा ३.५ टक्क्यांच्या वर असतो. गोम अशी की एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात, आणि लोह कमी असेल तर ए-टू खाली ओढलं जातं. मग वाहक असूनही रिपोर्ट निर्दोष दिसू शकतो. अशा वेळी लोह भरून काढून चाचणी पुन्हा करणं बरं.

लोहाच्या कमतरतेत गोळी देऊन मोकळं होणं मला पटत नाही. लोह गेलं कुठे? जास्त पाळी, गरोदरपण, अपुरा आहार ही नेहमीची कारणं. पण पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत ते दिसलं तर पोटात, आतड्यात कुठे रक्तस्राव होतोय का, हे शोधावंच लागतं.

मायनरला सहसा उपचार लागत नाहीत आणि लोह कमी नसेल तर गोळ्याही नकोत. तपासायचं ते जोडीदाराला, शक्यतो मूल होण्याआधी. दोघेही बीटा थॅलसेमियाचे वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, असण्याची शक्यता २५ टक्के असते.