हुबेहूब नक्कल आणि अभ्यासप्रत

तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकायला जुनं चित्र समोर ठेवलं, की घरी येणारा जो तो विचारतो, "हुबेहूब जमलं का?" हा प्रश्न नकलेचा. अभ्यासप्रतीचा प्रश्न असा, की कोणता थर कशावर बसलाय?

आमच्या सोलापुरात हे पटकन कळावं. चादरीची नक्षी कागदावर कुणीही उतरवेल, पण माग चालवायचा तर कोणता धागा कधी उचलायचा हे सांगणारं जॅकार्डचं भोकं पाडलेलं कार्ड लागतं.

नकलेत प्रिंटवर चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर आखायच्या, दिसेल तो रंग भरायचा. त्याने रेखांकन सुधारतं, हात बसतो.

पण डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी घ्या. साधारण १६६५ चं चित्र, जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. मागची बाजू आज काळी दिसते, म्हणून नक्कल करणारा ट्यूबमधला काळा थापतो. व्हर्मीरने तिथे गडद थरावर नीळ आणि पिवळा वनस्पतिरंग मिळून पारदर्शक हिरवा दिला होता. २०१८ मध्ये सुरू झालेल्या तपासणीत तो हिरवा पडदा असल्याचं उघड झालं. रंग उडाले, पडदा गेला. नकलेत आपण साडेतीनशे वर्षांची झीज रंगवत असतो! अभ्यासप्रतीत गडद थर वाळू द्यायचा आणि त्यावर हिरवा पातळ फिरवून बघायचा.

वाळण्याचंच आपल्याकडे अवघड. मे महिन्यात टर्पेंटाइन भराभर उडतं आणि थर वाळला असं वाटतं. तैलरंगातलं जवसाचं तेल उडत नसतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. (चित्रकलेच्या दुकानातलं शुद्ध केलेलं तेलच घ्या, खायचं नको.) म्हणून खाली टर्पेंटाइन घालून पातळ केलेला बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग, त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. मी एकदा उलटं केलं, ओल्या तेलकट गालावर पातळ रंग दिला. गालाला भेगा पडल्या.

प्रत मुळासारखी दिसलीच पाहिजे असंही नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, त्यांत शाहजहानही आहे. मुळातले रंग त्याने सोडून दिले. शाईच्या रेषेत बसण्याची ढब आणि अंगरख्याची पडण तेवढी पकडली.

माझी ती भेगाळलेली प्रत अजून ईझलशेजारी उभी आहे. मागे प्रत्येक थराची तारीख लिहिली आहे. नवा गाल रंगवण्याआधी मी ती वाचते.